एकोडीच्या पाळीवर निरोप्या

नागपूरहून निघालेली एसटी शहापूर, भंडारा करत साकोलीला पोचली तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. तिथून एकोडीला मित्राच्या घरी. मित्र ड्युटीवर होता. त्याच्या बायकोने, निर्मलावहिनींनी, भात आणि झिंग्यांचं कालवण वाढलं. हात धुतो न धुतो तोच कळलं, तलावाची पाळ (बांध) आतून पाझरते आहे. पाऊस संपला होता आणि धान नुकतं निसवलं (लोंबीवर आलं) होतं. तलाव रिता झाला तर खालच्या बांध्या (खाचरं) वाळणार, त्यात वहिनींचीही.

वहिनींबरोबर मीही धावलो. पाळीवर मित्राचे थोरले भाऊ नामदेवराव माती आणि तणस (भाताचा पेंढा) घेऊन उभे होते. मासे धरणारे बळीराम ढीवर छातीभर पाण्यात होते.

"भोकं तीन-चार हायेत," ते म्हणाले. "कोनतं पानी ओढून राहिलं, समजत नाही."

उपाय ठरला. बळीरामांनी एकेका भोकापाशी कोंडा सोडायचा आणि तो खाली बांधीत निघतो का, हे वहिनींनी बघायचं. डोकं मस्त चाललं होतं सगळ्यांचं. पण नामदेवराव वहिनींचे भासरे (मोठे दीर), आणि भासऱ्यासमोर सून तोंड उघडत नाही.

वहिनी पदर ओढून मला म्हणाल्या, "भाऊ, त्यायले सांगा, कोंडा आला."

मी धापा टाकत वर पोचेपर्यंत बळीराम पुढच्या भोकाशी गेलेले. नामदेवरावांनी ते पुढचंच भोक बुजवलं. पाणी वाहतच राहिलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. पुण्यात लिफ्ट बंद पडली की चिडणारा मी, या खेपेला अर्ध्या चढावर घसरून चिखलात सपशेल आडवा झालो.

"भाऊ, काहून थांबले?" वरून नामदेवराव.

माझ्या तोंडात चिखल. उत्तर खालून गेलं.

"कोंडा आला. आताच आला. तेच भोक हाये."

वहिनींचा आवाज होता. नामदेवरावांनी क्षणभर खाली पाहिलं.

"दाबतो आता. कमी झालं तं सांगजो."

"झालं कमी. अजून दाबा."

दोघं पाण्यापुरतंच बोलले. दिवस मावळायच्या आत पाझर थांबला.

सकाळी निघताना चहा झाला. वहिनी सवयीने मला म्हणाल्या, "त्यायले इचारा, अजून पायजे का?"

"तिलेच इचारू द्या," नामदेवराव बशीत बघत म्हणाले. वहिनींनी विचारलं. मला फार बरं वाटलं.

परतीच्या बसमध्ये ऑफिसच्या बैठका आठवल्या. तिथे कोणाला कोणाशी बोलायची बंदी नाही, हुशार माणसंही भरपूर, तरी निरोप माझ्यामार्फतच फिरतात. हेच माझं कौशल्य, असं मी समजत आलो. एकोडीत मी चिखलात न पडता निरोप्याचं काम करत राहिलो असतो, तर वहिनींची बांधी वाळली असती.