मामाचे दोन स्टॉपर

भारताच्या फुटबॉल संघात गोलापुढचे दोन स्टॉपर कोण असावेत, हे ठरवण्याची अक्कल या अख्ख्या देशात फक्त माझ्या मामाला आहे. निवड करणाऱ्यांनी अकोल्याला नुसता एक फोन केला असता तरी भागलं असतं. पण नाही. ते आपले दरवेळी कुठलेतरी दोन लंबूटांग उभे करणार, दोघेही एकाच चेंडूवर धावणार, मागे गोल मोकळा, आणि इकडे मामाचं जेवण ताटात राहणार. "आंधळे हायेत हे, आंधळे," म्हणत मामा हात धुवायचा आणि मामीवर डाफरायचा, जणू संघ तिनेच निवडला होता.

या विषयाला त्याला स्थळकाळ लागत नसे. माझ्या बहिणीच्या साक्षगंधात त्याने ताटलीत चार बिस्किटं मांडून नवरदेवाच्या वडिलांना बचाव समजावायला घेतला. त्या भल्या माणसाने ऐकता ऐकता डावा स्टॉपर उचलला आणि चहात बुडवून खाल्ला. मामा लग्नापर्यंत त्यांच्याशी धड बोलला नाही.

खरी लढाई व्हायची ती रोज संध्याकाळी बशीरभाईंच्या दुकानात. बशीरभाई विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचे. तरुणपणी ते आणि मामा एकाच संघात शेजारी शेजारी स्टॉपर खेळलेले. देशाचा उजवा स्टॉपर दोघांनाही मान्य होता, भांडण सगळं डाव्याचं. मामाला धिप्पाड, जागेवरून न हलणारा हवा. बशीरभाईंना एक बुटका, चपळ, पुढे धावणारा पोरगा आवडायचा.

"हा त लग्नातल्या वाढप्यावानी पळते," मामा म्हणायचा.

"अन् तुह्यावाल्याचं डोकं फक्त टोपी घालाले हाय," तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता बशीरभाई म्हणायचे.

मग विहिरीच आटल्या. पाणीच नाही तर मोटार चालणार कुठून आणि जळणार कुठून? दुकान बंद करून बशीरभाई मुलाकडे सुरतला निघाले. मामा असा भडकला की स्टेशनवरसुद्धा गेला नाही. "स्टॉपर आपली जागा सोडत नसते. इतकं बी नाही शिकला लेकाचा," असं तो घरभर फिरत म्हणत राहिला. गाडीची वेळ झाली तेव्हा मात्र गच्चीवर जाऊन एकटाच बसला. मामीने चहा नेला, तो तसाच परत आला.

पुढच्या सामन्याला मी मुद्दाम त्याच्याकडे गेलो. या खेपेला निवड करणाऱ्यांनी चक्क बशीरभाईंचा बुटकाच घेतला होता. तो सवयीप्रमाणे पुढे धावला, त्याच्या जागेतून चेंडू आत आला आणि गोल झाला. मामाला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "मामा, तुझंच खरं निघालं. हा पोरगा काही कामाचा नाही."

मामा गर्रकन वळला. इतकं संतापलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"काहून? तो पुढे गेला त बाजूच्याले समजाले नको? कोनं पाहाव त्याच्या मांगं?" मग टीव्हीकडे तोंड करून हळूच म्हणाला, "बशीर पुढे जाये तवा त्याची जागा मी सांभाळत होतो."