किटलीचा गृहपाठ

बाईंच्या डोक्याचा पार भुगा झाला होता, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांचा दोष थोडाच होता.

एकेकाळी फळ्याकडे तोंड करूनही मागच्या बाकावर कोण खुसफुसतंय ते त्या नावानिशी सांगायच्या. आता त्या घरात बसून, संगणकावरून, एका ऑनलाइन शाळेच्या दहावीला भौतिकशास्त्र शिकवत. मुलं म्हणजे पडद्यावरचे चौकोन. कॅमेरा बंद, आवाज बंद, आणि चेहऱ्याच्या जागी ज्याला जे आवडेल ते चित्र. कुणावर मेहेरनजर नको म्हणून शाळा बाईंना मुलांची नावंही कळू देत नसे, नुसते क्रमांक. ते कुणाच्या बापाच्या लक्षात राहणार? मग बाई चित्रांनाच हाका मारत. “मांजर, उत्तर दे बघू!” “काय रे फुटबॉल, आज पुन्हा उशीर?” पोरंही खूश.

त्यातच दुसऱ्या तुकडीचे मास्तर मध्येच नोकरी सोडून गेले आणि त्यांची अख्खी तुकडी बाईंच्या गळ्यात पडली. पडद्यावर पानंच्या पानं चौकोन. एका मांजराच्या चार मांजरी झाल्या. एकीच्या चुकीबद्दल बाई दुसरीलाच रागावत, आणि ती बिचारी मुकाट्यानं माफी मागे. गृहपाठ तपासताना ‘छान, पण कारण लिही’ हा शेरा तर बाईंनी एकदा चक्क कोऱ्या पानावर दिला होता.

या नव्या गर्दीत एक होती किटली. चहाच्या किटलीचं चित्र, मुठीला काळी चिकटपट्टी. ती बोलत नसे, पण तिनं एकदा लिहून विचारलं होतं, “बाई, प्रकाश इतका लांबून येतो, तो वाटेत थकत नाही का?” बाईंना इतका आनंद झाला की तो सगळा तास त्या त्याच प्रश्नावर बोलल्या. तेव्हापासून किटलीवर त्यांचा जीव होता. पण किटलीनं गृहपाठ म्हणून एकदाही पाठवला नव्हता. हातानं लिहायचं, फोटो काढून पाठवायचा, एवढंच काम. मुख्याध्यापिकांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, “आज संध्याकाळपर्यंत तिचा गृहपाठ आला नाही, तर ती परीक्षेला बसणार नाही.” हे पोर हातचं जाऊ द्यायला बाई तयार नव्हत्या. त्यांनी कार्यालयाला विनवून तिच्या पालकांना निरोप पाठवायला लावला, ‘दुपारी बाईंशी बोला.’

दुपारी संगणकावर घंटी वाजली. पडद्यावर किटलीचा क्रमांक आला. बाईंनी घाईनं हेडफोन चढवला.

“नमस्कार. पालक बोलताय ना?”

“नमस्कार बाई. हो, मी वडील. पोरीनं काही गोंधळ घातला का?”

आवाज हेडफोनमधून आला आणि स्वयंपाकघरातूनही आला. बाईंना वाटलं, यंत्र बिघडलं. त्यांनी एक कान मोकळा केला.

“हॅलो? बाई, ऐकू येतंय का?” स्वयंपाकघर म्हणालं.

बाई उठून गेल्या. ओट्यापाशी त्यांचे यजमान फोन कानाला लावून मोठ्या अदबीनं उभे होते. शेगडीवर किटली होती. मुठीला काळी चिकटपट्टी, ती बाईंनीच गुंडाळलेली.

“अगं, जरा थांब,” ते फोनवर हात ठेवून कुजबुजले, “शाळेतल्या बाई आहेत लाइनवर.”

“मीच आहे ती!” बाई म्हणाल्या.

यजमानांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. “मग मी बोलू कुणाशी?”

बाईंनी शेगडीवरच्या किटलीकडे पाहिलं. आपल्या मुलाला आपण शिकवायचं नाही, हा शाळेचा नियम. आपली मुलगी याच शाळेत दहावीच्या दुसऱ्या कुठल्यातरी तुकडीत आहे एवढं त्यांना ठाऊक होतं, पण कुठल्या, ते तिनं सांगितलं होतं तेव्हा त्यांचं लक्ष पडद्यात होतं.

मुलगी आपल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिनं सगळं ऐकलं होतं.

“तू होय किटली?” बाई म्हणाल्या. “अगं, मग सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर शाळेनं दुसरीकडे टाकलं असतं मला. वर्गात तू किती छान बोलतेस, आई. माझ्या त्या प्रश्नावर तासभर बोललीस. घरी विचारलं असतं तर म्हणाली असतीस, थांब गं, कामात आहे.”

बाईंचा चेहरा उतरला. यजमान उगाचच शेगडीची ज्योत बारीक करू लागले.

“आणि गृहपाठ?”

मुलीनं आतून कागदांचा गठ्ठा आणून हातात दिला. सगळा गृहपाठ, पहिल्या धड्यापासून. “केलाय सगळा. पण पाठवला असता तर तू अक्षर लगेच ओळखलं असतंस. हो ना?”

बाईंनी पानं उलटली. बारीक, उजवीकडे झुकलेलं, नेटकं अक्षर. त्यांच्या आठवणीतलं अक्षर टपोरं होतं, ओळीच्या बाहेर जाणारं. हे कधी बदललं? त्यांनी आणखी एक पान उलटलं, मग आणखी एक.

“हो तर,” त्या म्हणाल्या. “लगेच ओळखलं असतं.”

मुलगी हसली. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या तिथून निघून संगणकापाशी येऊन बसल्या. सगळी पानं पाठवून दिली आणि मुख्याध्यापिकांना फोन लावला.

“मॅडम, किटलीचा गृहपाठ आला. पूर्ण आहे. ती परीक्षेला बसेल. फक्त तिला माझ्या तुकडीतून दुसरीकडे घ्या.”

“अहो, तिच्यासाठी एवढी धडपड केलीत, आणि आता दुसरीकडे? का बरं?” मुख्याध्यापिकांनी विचारलं. “तुमच्या ओळखीची आहे का ती?”

मुलगी दारात उभं राहून ऐकत होती. बाईंनी तोंड उघडलं, आणि हो म्हणावं की नाही, हेच त्यांना कळेना.