बाकी कोणी नाही

"झहारी, दारावरची त्सोना पार फिकी पडली रे. नाक तर पावसानं धुऊनच नेलं," शेजारची पेन्का म्हणाली. "गुरुवारी वर्ष होतंय. नवा कागद छापून आण. आणि ह्या वेळी फोटो तरी हसरा घाल."

"हसरा नाहीये."

"चाळीस वर्षं संसार केलास आणि बायकोचा एक हसरा फोटो नाही? बरं, असू दे. हसली असती तर गावानं ओळखलं नसतं."

झहारी मिन्चेवनं कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला. गोर्ना व्राना गावात मेलेल्या माणसाचा कागद दारावर लागतो, मग चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षाला नवा. त्सोनाच्या तिन्ही कागदांवर एकच फोटो होता, तिच्या कारखान्याच्या पासवरचा. पासवर कोण हसतं?

तो कॉम्प्युटरच्या डिस्कचा कारखाना होता. झहारी वर इंजिनियर, त्सोना खाली फाटकावर. तिच्या काचेच्या खोलीत एक वही असायची. त्या दिवशी आत सोडायच्या माणसांची नावं, त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली ठसठशीत अक्षरात, 'बाकी कोणी नाही'. एकदा खुद्द डायरेक्टर पास विसरून आला. त्सोना म्हणाली, "डायरेक्टर आहात हे घरी बायकोला सांगा. मला पास दाखवा." प्यायलेला वेल्डर आला तर म्हणायची, "पाय आत, डोकं बाहेर. आधी दोघं मिळून ठरवा कोण येणार ते." सहाशे माणसांचे पास ती रोज बघायची. झहारीचा मात्र तिनं कधी मागितला नाही. तो समोर आला की ती वहीत डोकं घालायची. त्यांचं जमलंय हे गावाला कळलं ते त्यावरून. दोघांना स्वतःला कळायला आणखी वर्ष गेलं.

कारखाना बंद पडला. दोघं एकाच दिवशी घरी बसली. पुढं घराघरांत कॉम्प्युटर आले, त्यांच्या मागोमाग व्हायरसची कीड आली, तेव्हा झहारीनं एक फायरवॉल लिहायला घेतली. कॉम्प्युटरमधला कुठलाही प्रोग्राम बाहेर, इंटरनेटवर, जायला निघाला की त्याला अडवायचं आणि मालकाला विचारायचं, जाऊ देऊ का. त्सोना बाजूला मोजा विणत बसलेली असायची. पडद्यावर खिडकी उघडली की ती मान वर न करता बोलायची आणि झहारी ते तसंच टाइप करायचा. म्हणून बाकीच्या फायरवॉल जिथं 'अज्ञात प्रोग्राम' म्हणायच्या, तिथं ही म्हणायची, 'हा कोण? पहिल्यांदाच बघतेय. सोडू?' नको म्हटलं की, 'परत पाठवला. तोंड पाडून गेला.' आणि प्रोग्रामच काढून टाकायला निघालं की, 'निघालात? पास इथं ठेवा. दार ओढून घ्या.' नाव ठेवलं 'फाटकवाली'. तिच्या यादीत आधी सोडायच्या प्रोग्रामांची नावं, मग अनोळखी असेल तर मालकाला विचारायची ओळ, आणि तळाला त्सोनाच्या वहीतलीच ओळ, 'बाकी कोणी नाही'.

एके काळी चार हजार घरांत फाटकवाली बसली होती. लोकांना अडचण आली की ते फोन करायचे आणि फोन त्सोना उचलायची. "आधी नाव सांगा," म्हणायची आणि नाव, गाव, नंबर वहीत उतरवून मगच झहारीला हाक मारायची. बावीस वर्षं दर मंगळवारी झहारी लोकांची पत्रं वाचायचा, नव्या प्रोग्रामांची नावं यादीत घालायचा आणि अपडेट धाडायचा. त्सोना दवाखान्यात होती तेव्हा त्यानं ते तिथल्या बाकावर बसून धाडलं. ती गेल्यावर एकच मंगळवार चुकला.

आता घरं उरली होती एकशे बारा. आणि ह्या ऑक्टोबरपासून कॉम्प्युटरांची मूळ यंत्रणाच बदलणार होती. जुनी फाटकवाली तिच्यात उभीसुद्धा राहिली नसती. झहारीनं अख्खा उन्हाळा पाणी गळणाऱ्या डोळ्यांनी तिचं काळीज नव्यानं लिहिलं. पेन्का म्हणायची, "अरे, आता कॉम्प्युटरबरोबर पहारा फुकट येतो. तुझी ही म्हातारी कोणाला हवीय?" तो म्हणायचा, "एकशे बारा जणांना." हवी होती ती त्यालाच. त्सोना आता घरात बोलत नव्हती, पण कुठंतरी एकशे बारा घरांत बोलत होती, आणि तेवढ्यावर त्याचं चाललं होतं.

मंगळवारी दुपारी सगळं तयार झालं. स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं, उत्तम चाललं. धाडायच्या आधी त्याच्या मनात आलं, परवा वर्ष होतंय, यादीच्या डोक्यावर तिचं काहीतरी असावं. त्यानं अगदी तळाची ओळ, 'बाकी कोणी नाही', उचलली आणि वर मथळ्यासारखी ठेवली. मथळ्याच्या आधी एक खूण टाकावी लागते. ती असली की यंत्र ती ओळ सोडून देतं, वाचतो फक्त माणूस. खूण टाकायला बोट उचललं आणि दार वाजलं.

"वर्षाला वाटायचे गहू दोन किलो उकडू की तीन?" पेन्का.

"दोन."

"दोन पुरणार नाहीत. ती गेली तेव्हा आले नाहीत ते गोड खायला येतील."

"मग तीन."

"मग मघाशी दोन का म्हणालास?"

तो परत येऊन बसला, पडद्याकडे पाहिलं, आणि अपडेट धाडून दिलं.

बुधवारी सकाळी गावात औषधाचं दुकान चालवणाऱ्या रालित्साचा फोन. "काका, फाटकवाल्या मावशी मला कुठंच जाऊ देत नाहीयेत. विचारतही नाहीत. सरळ परत पाठवतायत."

मग वार्नाहून मेथोदी घड्याळवाला, ह्याचं बोलणं आधीच टिकटिक. "मिन्चेव, बंद. सगळं बंद. पत्र बंद, बातम्या बंद. मुलगी परदेशातून दिसायची ती बंद. मी काय केलं? काही नाही केलं. चहा केला."

झहारीनं यादी उघडली. फाटकवाली यादी वरून खाली वाचते आणि जी ओळ पहिल्यांदा लागू पडते तीच मानते. पहिलीच ओळ होती 'बाकी कोणी नाही'. खूण नव्हती. त्याच्या कॉम्प्युटरवर हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण त्याला पहिल्या दिवसापासून सूट होती. फाटकवाली त्याला कधी काही विचारतच नसे. तसं त्यानंच लिहून ठेवलं होतं, तेव्हा त्सोना लाजून म्हणाली होती, "गाढवपणा आहे."

दुरुस्ती करायला त्याला पाच मिनिटं लागली. पण ती पोचवायची कशी? आणायला बाहेर जाणार फाटकवालीच, आणि ती आता स्वतःलाही बाहेर सोडत नव्हती.

राहिली त्सोनाची फोन नंबरांची वही. त्यानं पहिलं पान उघडलं आणि नंबर फिरवायला घेतला.

"यादी उघडा. सगळ्यात वरची ओळ वाचा."

"बाकी कोणी नाही," प्लेवेनची एक मास्तरीण हजेरी घेतल्यासारखी म्हणाली.

"ती उचलून तळाला न्या."

"मला नाही जमणार हो. भाचा येईल, तो काढूनच टाकेल. तुम्ही वाईट नका वाटून घेऊ. आणि तुमच्या मिसेस कशा आहेत? फोनवर फार रागवायच्या."

"बऱ्या आहेत," झहारी म्हणाला.

कोणी ती ओळ कुरकुरत वाचली, कोणी तोंडात घास ठेवून. एकानं तर इतकी ओरडून वाचली की झहारीला फोन कानापासून लांब धरावा लागला. दोन दिवस तो तेच वाक्य अनोळखी गळ्यांतून ऐकत होता. मेथोदीनं ओळ खाली नेली, "झालं, मुलगी दिसली," म्हणाला, आणि जरा थांबून म्हणाला, "पण मिन्चेव, पुन्हा असं झालं तर? मला मुलगी एवढीच आहे." मेथोदीनं त्याच संध्याकाळी फाटकवाली काढून टाकली.

गुरुवारी दारावर नवा कागद लागला. गहू तीन किलोही पुरले नाहीत. लोक कागदी पेल्यांतून साखर घातलेले गहू खात होते आणि झहारी कोपऱ्यात वही घेऊन फोनवर होता. पेन्का म्हणाली, "आज तरी ठेव ते." त्यानं ठेवलं नाही. वही संपली तेव्हा बाकी सगळ्यांनी फाटकवाली काढून टाकली होती, ठेवतो म्हणणारं एकच घर उरलं होतं, आणि तेही गावातलंच.

शुक्रवारी तो ती ओळ स्वतः हलवून द्यायला औषधाच्या दुकानात गेला. रालित्सानं त्याला गल्ल्यामागच्या खुर्चीत बसवलं.

"वरची ओळ वाच," तो सवयीनं म्हणाला.

रालित्सानं हनुवटी खाली घेतली, चष्म्यावरून बघितलं आणि नाकातून म्हणाली, "बाकी कोणी नाही." हुबेहूब. लहानपणी ती बापाचा डबा घेऊन फाटकावर जायची. झहारी खुर्चीतून अर्धा उठला.

"पुन्हा म्हण."

तिनं म्हटलं नाही. "काका, दोन दिवस लोकांना औषधं देता आली नाहीत. म्हातारी माणसं चिठ्ठ्या घेऊन परत गेली." ती हळू बोलत होती, आता आपल्या आवाजात. "मी तुमच्यासाठी ठेवली होती. पण मला भीती वाटते."

"काढ."

"तुम्हीच काढा. मला नाही होणार."

झहारीनं बटण दाबलं. 'निघालात? पास इथं ठेवा. दार ओढून घ्या.' मग खिडकी मिटली. रालित्सानं त्याला सर्दीच्या गोळ्यांचं एक पाकीट दिलं. सर्दी त्याला झालेली नव्हती.

घरी आला तेव्हा चार वाजले होते. दारावर त्सोना नव्या कागदातून, नाक शाबूत, त्याच्याकडे बघत होती. तो आत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसला. त्यानं फाटकवालीचं लिखाण उघडलं आणि यादीच्याही आधी वाचली जाणारी, त्याला सूट देणारी, बावीस वर्षांपूर्वीची ओळ शोधली. ती पुसली. मग स्वतःच्याही यादीतली तळाची ओळ तळाला नेली आणि त्या यादीत कधीच न घातलेला, आपला टपालाचा प्रोग्राम उघडला.

खिडकी आली. त्याच्या घरात पहिल्यांदाच.

'हा कोण? पहिल्यांदाच बघतेय. सोडू?'

खाली दोन बटणं होती. झहारी कोट न काढता बसून राहिला. भिंतीपलीकडे पेन्का पातेली घासत होती. खिडकी तशीच उघडी होती, उत्तराची वाट बघत. कोणतंही बटण दाबलं असतं तरी ती मिटली असती.