शेवटच्या नळाचं पाणी

पाणी तपासण्याच्या खात्यात एकोणतीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे बाटलीमामा म्हणायचे. नमुना घ्यायचा तर लाइनीच्या शेवटच्या नळाचा, हा मामांचा हट्ट. "टाकीपाशी पाणी चांगलंच असतं हो, वाटेत त्याचं काय होतं ते बघा," असं सांगून सांगून ते नवशिक्यांचं डोकं खायचे.

शहरात जुलाब-उलट्यांची साथ आली. अगदी टोकाच्या वस्तीत मामांची धाकटी बहीण राहायची. तिथलं पाणी दोनदा खराब निघालं, मामांनी तसं लेखी कळवलं. मग सरकारने फुटके पाइप बदलले असतील? नाव नको! सरकारने नमुन्याची जागा बदलली. यापुढे नमुने टाकीपाशीच घ्यायचे, असा हुकूम आला. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला कोण जाणे. तो स्वतः नळाचं पाणी पीत नसणार, एवढं नक्की.

मामांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण नोकरी होती. त्यांनी टाकीपाशी बाटली भरली. पाणी शुद्ध निघालं. अहवालावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'नमुना टाकीजवळचा. वस्तीतल्या नळांचा नाही.' खाली सही ठोकली. आपण खोटं लिहिलं नाही, याचं त्यांना समाधानही वाटलं. भाबडेपणा, दुसरं काय!

चौथ्या दिवशी बहिणीचा फोन आला. "दादा, पोरीला सकाळपासून उलट्या होतायत. डोळे खोल गेलेत रे तिचे."

"पाणी उकळून देतेस ना?"

"परवापासून बंद केलं. पाणी शुद्ध आहे, असा फलक लागलाय कोपऱ्यावर. सरकारचं ऐकलं नसतं मी, पण खाली तुझी सही दिसली."

भाचीला दवाखान्यात सलाइन लागल्यावर मामा तडक त्या फलकापाशी गेले. सही जशीच्या तशी छापली होती. जागेबद्दलची ओळ बेमालूम गाळली होती. लबाड, हलकट लोक! मामांनी फलक ओरबाडून काढला.

"पाणी पिऊ नका!" ते नळावरच्या रांगेकडे बघून ओरडले. "पाणी खराब आहे. ही सही माझी आहे, मी सांगतोय!"

कळशी भरून निघालेली एक बाई थांबली. तिने फलकाकडे पाहिलं, मग मामांकडे.

"माहीत होतं, तर सही कशाला केलीत?"

सरकारला घालायच्या शिव्या मामांच्या अगदी ओठांवर होत्या. पण बाईने सरकारला विचारलं नव्हतं.