बोटाखालचा ठोका

चामराजपेटेतल्या त्या जनरेटर-दुरुस्तीच्या दुकानात मी पहिल्यांदा शिरलो, तेव्हा मल्हारअण्णा डोळे मिटून बसले होते. त्यांचं बोट एका रबरी नळीच्या तोंडावर होतं आणि धाकटा भाऊ तुळजाराम जनरेटरचा दोर ओढत होता. मी वरची भाड्याची खोली बघायला आलो होतो. आठ-दहा हिसक्यांनंतर अण्णांनी डोळे उघडले. "ठोका आहे. पंपच गेलाय," ते भावाला म्हणाले. मग कानडी वळणाच्या मराठीत मला, "स्वल्प बसा सार. पेशंट तपासत होतो."

खोली मी घेतली. ग्रंथपालाची नोकरी संपली होती, पत्नी गेली होती, आणि पुण्याला परत जावं असं तिथे कुणी उरलं नव्हतं.

काही जनरेटरांत टाकी खाली आणि कार्बोरेटर वर असतो. मधला लहानसा पंप पेट्रोल वर चढवतो. त्याला स्वतःची ताकद नसते. इंजिन फिरताना आत हवेचे ठोके पडतात, ते नळीतून येऊन त्याचा पडदा हलवतात. ठोका असूनही पेट्रोल चढत नसेल तर पंप खराब. ठोकाच नसेल तर दोष पंपाच्या आधी, नळीत किंवा इंजिनात. अण्णा एवढंच म्हणत, "बापडा दुसऱ्याच्या जिवावर जगतो सार. त्याला आधी शिव्या देऊ नयेत."

पुढे तुळजाराम आपल्या मुलाकडे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला महादेवपुऱ्याला राहायला गेला. अण्णांनाही नेणार होता. "एकटा राहू देणार नाही. मदतीला कुणी असेल तरच इथे," तो म्हणाला. अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "सार आहेत की!" मला कुणी विचारलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

वर्षभर मी दोर ओढला. "पुस्तकाचं पान उलटल्यागत काय ओढताय? हिसका द्या!" असं ऐकून घेतलं. मग एका दुपारी अण्णांनी हात माझ्यापुढे धरला. "साखरेनं बोटं बधिर झाली. कॉफीचा लोटा गरम का गार, तेही कळत नाही. आता दोर मी ओढतो, बोट तुम्ही धरा. तुळजाला सांगू नका. उद्याच उचलून नेईल."

मी बोट धरू लागलो. ते विचारत, "आहे?" मी सांगे, "आहे."

एका शामियानेवाल्याचा जनरेटर आला. मी "आहे" म्हणालो, म्हणून अण्णांनी पंप बदलला. टेम्पो दारात थांबला होता. कार्बोरेटरच्या वाटीत हाताने ओतलेल्या पेट्रोलवर इंजिन पाच मिनिटं छान चाललं, तेवढ्यावर त्याला पाठवलं. संध्याकाळी कुणाच्या तरी बारशात अंधार झाला.

दुसऱ्या दिवशी जनरेटर परत आला, तेव्हा अण्णांनी त्याची जुनी नळी वाकवून पाहिली. ती मधोमध चिरलेली होती. त्यांनी ती माझ्या बोटाला लावली आणि माझ्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. "आहे?"

मी नीट लक्ष दिलं. बारीक, संथ ठोका होता. "आहे."

"दोर ओढलाच नाही सार," ते हळूच म्हणाले. "ती तुमची नाडी."

शामियानेवाल्याला त्यांनी सांगितलं, "माझी चूक." माझं नाव घेतलं नाही. मलाही काही बोलले नाहीत. पण त्यानंतर खालून हाक आली नाही. आठवड्याने जिन्यातून पाहिलं. एका हाताने दोर ओढत, दुसऱ्या हाताने नळी खालच्या ओठाला लावून अण्णा बसले होते. ओठाला अजून कळत होतं.

पुढची दोन वर्षं मी वर वाचत बसलो आणि खाली दोराचे हिसके ऐकले. जाता-येता "कॉफी झाली का सार?" एवढंच बोलणं होई. मी "झाली" म्हणे. खाली जाऊन बसायला कुणी मना केलं नव्हतं. मीच गेलो नाही.

गेल्या महिन्यात अण्णा झोपेतच गेले. दुकान आवरायला तुळजाराम आला. त्याने माझे दोन्ही हात धरले.

"तुमच्यामुळं राहिला हो इथं. रोज फोनवर सांगायचा, सार शेजारीच बसलेत, काळजी करू नको. शेवटपर्यंत खाली येत होता ना तुम्ही?"

मी त्याच्याकडे पाहिलं. "हो," म्हणालो. "रोज."