सासुरवाडीच्या आखाड्यात ताय-ची

मी आयुष्यात एकच कुस्ती लढलो, आणि ती ठरली तेव्हा मी कमरेचा व्यायाम करत होतो.

कोल्हापुरात राहून कुस्ती न खेळणारा माणूस असू शकतो, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. मी होतो. कचेरीत कारकून, वजन शेंगांच्या अर्ध्या पोत्याइतकं, आणि त्यात सासरे मिळाले वस्ताद! गारगोटीजवळच्या त्यांच्या गावातली तालीम त्यांनीच नावारूपाला आणलेली. लग्नाला सहा वर्षं झाली तरी ते माझी ओळख 'आमचं जावाय, कारकून हायती' अशी करून देत, आणि ऐकणारा 'मग औषध चालू हाय न्हवं?' अशा चेहऱ्यानं माझ्याकडे बघे. त्यांनी एकदा तरी माझ्या पाठीवर शाबासकीची थाप मारावी, अशी माझी फार इच्छा होती. (थाप जरा हळू असावी, एवढीच अट.)

त्या साली खुर्चीत बसून बसून माझी कंबर धरली. त्याच आठवड्यात दाढही ठणकायला लागली, म्हणून राजारामपुरीतल्या चिनी दंतवैद्याकडे गेलो. दाढ निघाली, पण मी काही खुर्चीतून निघेना. डॉक्टर मोडक्या हिंदीत म्हणाले, दाताचं काम झालं, आता कमरेसाठी रोज सकाळी माझ्या अंगणात या. तिथं त्यांनी मला ताय-ची हा चिनी व्यायाम शिकवायला सुरुवात केली. पाय खांद्याइतके फाकवायचे, गुडघे किंचित सैल, श्वास पोटात. मग दोन्ही हात पाण्यावर तरंगल्यासारखे वर न्यायचे, आणि छातीशी न दिसणारं कलिंगड धरायचं. सगळं इतकं सावकाश, की डोक्यावर कावळा येऊन बसावा. नियम दोनच: मध्ये बोलायचं नाही, आणि सुरू केलं की पुरं केल्याशिवाय थांबायचं नाही. महिन्याभरात कंबर पुष्कळ सुधारली, आणि आपण ऋषी झालो आहोत असं मला वाटायला लागलं.

सासुरवाडीच्या जत्रेला गेलो, तोवर हा नाद अंगात मुरला होता. सकाळी जागा शोधायला निघालो, तर गावाबाहेर काय सुंदर जागा! नुकतीच खणून, चाळून, पाणी शिंपडून ठेवलेली मऊ तांबडी माती. ती दुपारच्या कुस्त्यांसाठी होती, हे मला कळत होतं. पण म्हटलं, आत्ता कोण येतंय? चपला काढल्या, डोळे अर्धे मिटले आणि कलिंगड उचललं.

आता तिकडची रीत अशी, की ज्याला जोड हवी तो गडी मैदानात हात वर करून फिरतो. ज्याला त्याच्याशी लढायचं तो येऊन त्या हाताला हात लावतो. हात लागला की कुस्ती ठरली; मग माघार घेतली तर गावाचं नाक कापलं जातं. ही रीत सासऱ्यांनी मला तीनदा समजावून सांगितली होती, पण तिन्ही वेळा मी जेवत होतो.

माझा उजवा हात सावकाश वर गेला, आणि त्यावर फटकन एक पंजा पडला. शेजारच्या गावचा सिदू पैलवान पंचांबरोबर माती बघायला आला होता. पावण्यांशी आपली जोड, असं त्यानं पंचांना ओरडून सांगितलं. कबूल हाय न्हवं, असं पंचांनी मला विचारलं. मी बोललो नाही. नियम म्हणजे नियम! शिवाय पुढची हालचाल वाकण्याची होती. मी वाकलो, आणि पंचांनी तो होकार धरला.

व्यायाम पुरा करून घरी आलो, तर बातमी आधी पोचलेली. सासरे दारातच उभे, डोळ्यांत पाणी.

"कवापास्नं चाललंय हे? बोलला न्हाईसा कधी," म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी दोन पावलं पुढे गेलो. पण एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढून आत्ताच्या आत्ता खरं सांगून टाका म्हणून दम भरला. मी सांगणारच होतो. पण सासरे तेलाची वाटी घेऊन आले, स्वतःच्या हातांनी माझे दंड चोळायला बसले, आणि मी गुपचूप दुसरा दंड पुढे केला.

दुपारी त्यांचाच लंगोट मला दोन जादा वेढे देऊन बांधला. हलगी कडाडली. सिदूनं मांडीवर शड्डू ठोकला, तो मला पोटात ऐकू आला. भीतीनं दुसरं काही सुचेना, म्हणून येत होतं तेच सुरू केलं. गुडघे सैल, हात वर. मैदान चिडीचूप! हा कुठला डाव, हे सिदूला कळेना. त्यानं लांबूनच माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मी आपला कलिंगड धरून उभा. शेवटी त्यानं धीर करून मला उचललं, आणि मी आभाळ बघत पडलो.

चितपट! तिथंच संपायचं. पण महिन्याची सवय; मी उठलो आणि राहिलेली हालचाल पुढे सुरू केली. लोकांना वाटलं, पावण्यांना हार कबूल नाही. आरोळ्या उठल्या. सिदूनं पुन्हा आपटलं. मी पुन्हा उठून कलिंगड उचललं. तिसऱ्यांदा त्यानं मला बाळाला पाळण्यात ठेवावं तसं खाली ठेवलं आणि शेजारी बसकण मारली.

"पावणं, आजून किती ऱ्हायलंय?"

"निम्मं," मी म्हणालो.

सिदूनं पंचांना हात जोडले आणि पंचांनी कुस्ती थांबवली.

सासरे मातीत उतरले. मला मनापासून लाज वाटत होती. मी सगळं सांगून टाकलं: हा डाव नाही, ही कुस्तीही नाही, कंबर धरते म्हणून दातांच्या डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम आहे. त्यांनी माझ्या कमरेकडे बघितलं.

"म्हंजे कंबर धरलीया तुमची?"

"हो."

"आन् तसल्या कमरंनं दोनदा उठलासा?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी आपला फेटा उतरवून माझ्या डोक्यावर ठेवला, आणि ही बातमी सगळ्या मैदानाला ओरडून सांगितली.

तेव्हापासून त्या गावात मी मोडक्या कमरेनं लढलेला पैलवान आहे. सासरे छाती फुगवून माझी तशीच ओळख करून देतात. डॉक्टरांच्या कृपेनं कंबर आता ठणठणीत आहे. पण कंबर बरी झाली असली तर राहिलेली निम्मी कुस्ती पुरी करायची म्हणून दर जत्रेला सिदू स्टँडवर माझी वाट बघत असतो, म्हणून त्या गावी मी एसटीतून कण्हत, बायकोच्या खांद्याचा आधार घेऊनच उतरतो.