बुवापाड्यातला मुका पियानो

ती दुपार आजही डोक्यातून जात नाही, आणि जाऊही नये असं मला वाटतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या एका ठाण्यात मी गुन्ह्यांचा तपास बघत होतो. नाव कुणाचंच देत नाही. चूक माझी होती, मग दुसऱ्यांची नावं कशाला?

बदलापुरात एका संगीत क्लासचं कुलूप तोडून इलेक्ट्रिक पियानो चोरीला गेला होता. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, दोन माणसांनी उचलावा असा. दोन आठवडे हाती काही लागेना आणि वरिष्ठ रोज विचारत होते. अशात उल्हासनगरातून खबर आली. तिथला एक वायरी-चार्जरवाला दुकानदार माझा जुना खबरी. त्याच्याकडे अंबरनाथच्या बुवापाड्यातली एक मुलगी आली होती. मोबाईलवर पियानोचा फोटो दाखवून तो लॅपटॉपला जोडायची वायर मागत होती. "साहेब, मॉडेल बघायला बिल मागितलं तर बोलली सेकंडहँड आहे, बिल नाय. मला तेव्हाच डाऊट आला," तो म्हणाला. ती नवीन वायर का घेते आहे, हे त्याने विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

आम्ही बुवापाड्यात गेलो, जीप चाळीच्या तोंडाशीच लावली. मुलगी सव्वीस-सत्तावीसची, गाण्याच्या शिकवण्या घेणारी. घरात ती आणि फॅक्टरीतून निवृत्त झालेले वडील. पियानो खिडकीजवळच्या टेबलावर होता आणि खालचा नंबराचा स्टिकर घासून गेला होता. झालं, मला तेवढं पुरलं. बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यावा असं कायदा सांगतो. मला तो पाठ होता. तरी ठाण्यात माणूस लवकर बोलतो, या अनुभवाच्या घमेंडीत मी तिला महिला शिपायासोबत जीपमध्ये बसवलं. अख्खी चाळ गॅलरीत उभी होती. वडील मागून रिक्षाने आले आणि ठाण्यातल्या बाकावर बसून राहिले.

पियानो जप्त करून ठाण्यात आणला, पंचनामा झाला, क्लासच्या मालकाला बोलावलं. त्याने पियानो बघितला आणि क्षणात म्हणाला, "हाच." खूण विचारली तर डाव्या कोपऱ्याचा टवका दाखवला. त्याच्याकडेही बिल नव्हतं. वस्तू ओळखायला देताना तशाच चार वस्तूंत मिसळून द्यावी, ही आमची पद्धत. पण असले चार पियानो मी कुठून आणणार होतो? मी एकटाच समोर ठेवला.

मग चौकशी. मी पियानोचं बटण दाबलं. दिवा लागला, पण कुठल्याही पट्टीतून आवाज निघेना. मालक म्हणाला, माझा तर चोरीच्या आदल्या दिवसापर्यंत झकास वाजत होता, हिने उचलताना आपटला असणार. मुलगी म्हणाली, घेतला तेव्हापासूनच त्याला आवाज नाही.

"न वाजणारा पियानो कोण विकत घेतं गं?" मी विचारलं. तेव्हा मी तिला अगंतुगं करत होतो.

"मला फक्त पट्ट्या हव्या होत्या, साहेब. या पट्ट्यांना वजन आहे, खऱ्या पियानोसारखं. साध्या कीबोर्डवर बोटं तयार होत नाहीत. आवाज मी लॅपटॉपमधून काढते."

मी हसलो. हवालदारही हसला. कुणाकडून घेतला? फोनवरची जाहिरात बघून, उल्हासनगरात घर खाली करणाऱ्या एका माणसाकडून. त्याचा नंबर? आता बंद लागतो. चोरीचा माल बाळगणाऱ्या प्रत्येकाने मला तीस वर्षं हीच कथा ऐकवली होती.

तिची एका शाळेत संगीत शिक्षिका म्हणून निवड झाली होती, फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. ती रडली नाही, गयावया केली नाही. एवढंच म्हणाली, "गुन्ह्यात नाव आलं तर शाळा मला घेणार नाही. मग दुसरं कुणीही घेणार नाही."

चार वाजले. सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही. वरिष्ठांचा फोन आला, अटक आजच दाखवा. मी अटकेचा फॉर्म पुढ्यात ओढला, तिचं नाव लिहिलं. तेवढ्यात महिला शिपाई हळूच म्हणाली, "सर, लॅपटॉप आणून एकदा बघू या ना. आपलं काय जातंय?" मला राग आला. पण ती बरोबर बोलत होती, म्हणून वडिलांना लॅपटॉप आणि वायर आणायला पाठवलं.

तिने वायर जोडली. ही नवी का, असं मी तेव्हा विचारलं. जुनी आतून तुटली होती, म्हणाली. म्हणजे ही वस्तू हिच्याकडे जुनी वायर तुटेपर्यंत वापरात होती. मी हातातलं पेन फॉर्मवर ठेवून दिलं.

तिने पट्टी दाबली आणि लॅपटॉपमधून पियानो वाजला. पडद्यावर प्रत्येक पट्टीची एक रेघ उमटत होती, जोरात दाबली तर उंच, हळू दाबली तर बुटकी. डावीकडची एक पट्टी मात्र बिघडलेली होती. ती मी स्वतः करंगळीने जेमतेम टेकवली, तरी रेघ थेट माथ्याला. "हिचं असंच आहे. मी बसवलेल्या प्रत्येक चालीत हा एक सूर मला नंतर पडद्यावर हाताने खाली ओढावा लागतो," ती म्हणाली. तिने लॅपटॉपमध्ये साठवलेल्या जुन्या चाली उघडल्या. सगळ्यांत तोच सूर माथ्याला होता, आणि तारखा चोरीच्या आधीच्या.

लॅपटॉपची तारीख बदलता येते, मी म्हणालो. माझा आवाज मलाच लटका वाटला. मग तिने सांगितलं की यातली एक चाल तिने पुण्यातल्या आपल्या शिक्षिकेला मेलने पाठवली होती. मी तिला फोनला हात लावू दिला नाही, नंबर घेऊन स्वतः लावला. त्या बाईंनी मेल शोधला. चोरीच्या तीन आठवडे आधीचा होता. फाईल उघडायला लावली, डावीकडचा तो सूर कसा आहे विचारलं. त्या म्हणाल्या, "हा एकच अंगावर येतो. मी तिला तेव्हाच कळवलं होतं."

मी क्लासच्या मालकाला पुन्हा समोर बसवलं. तुमच्या पियानोची एखादी पट्टी बिघडली होती का? एकही नाही, तो छातीठोकपणे म्हणाला. मी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. बघता बघता त्याचा चेहरा उतरला. "साहेब, तुम्ही बोलावून दाखवलात. मला वाटलं, सापडला असेल म्हणूनच दाखवताय." त्याच्यावर काय रागवायचं? त्याचा पियानो शेवटपर्यंत सापडला नाही.

ऊन भिंतीवरून उतरत होतं. मी फॉर्म फाडला आणि तिला जायला सांगितलं. बापलेक निघाले. दारात वडील थांबले. "साहेब, नेताना सगळ्यांनी बघितलं. आता आम्ही काय दारोदार जाऊन सांगायचं?" लाज वाटली, सरळ सांगतो.

पंचनामा झालेला माल कोर्टाच्या हुकुमाशिवाय परत देता येत नाही. त्यात आठवडा गेला. हुकूम आल्यावर मी गणवेश घातला आणि भर सकाळी बुवापाड्यात गेलो. पियानोचं एक टोक हवालदाराने धरलं, दुसरं मी. जिन्यात दम लागला. गॅलरीत माणसं जमली होतीच, त्यांच्याकडे वळून मी मोठ्याने म्हणालो, "हा पियानो यांचाच आहे. यांनी काही केलेलं नाही. चूक माझी झाली." इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी लोकांसमोर पहिल्यांदाच बोललो.

मुलीने पियानोकडे बघितलंसुद्धा नाही. "गुन्ह्यात माझं नाव?" तिने विचारलं.

"कुठेच नाही. तुमची पडताळणी बघणाऱ्याशी मी स्वतः बोललोय."

तेव्हा ती दारातल्या स्टुलावर बसली आणि हुंदके देऊन रडली. मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो.

उरलेल्या दोन वर्षांत मी कुठल्याही बाईला चौकशीसाठी ठाण्यात आणलं नाही. जबाब घ्यायचा तर साध्या कपड्यात त्या बाईच्या घरी गेलो. आणि कुणी निर्दोष निघालं, तर त्याला घरी सोडायला गणवेशात गेलो.